जुना टीव्ही गेम चालू होत नाही? सुरुवात भिंतीकडून करा

माळ्यावरून उतरवलेला टीव्ही गेम जोडला, स्विच सरकवला आणि काहीच झालं नाही, की बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर "गेला आता" म्हणून तो भंगारवाल्याकडे जातो, नाहीतर कुणीतरी लगेच स्क्रू ड्रायव्हर घेऊन उघडायला बसतं. दोन्हीकडे घाईच. या यंत्रांतला पॉवरचा भाग फार साधा असतो आणि त्यातले बरेचसे बिघाड डब्याच्या बाहेरच सापडतात.

वीज भिंतीतल्या पॉइंटातून निघते, अडॅप्टरमध्ये कमी होते, वायरीतून कन्सोलच्या, म्हणजे टीव्ही गेमच्या डब्याच्या, सॉकेटात येते, स्विच ओलांडते, रेग्युलेटर नावाच्या पार्टमध्ये तिचे ठरावीक ५ व्होल्ट होतात आणि मग ती बोर्डावर पसरते. आपण याच क्रमाने मीटर लावत जायचं. ज्या टप्प्यावर व्होल्ट गायब झाले, तो टप्पा आणि त्याच्या आधीचा टप्पा यांच्यामध्ये बिघाड आहे. मधला टप्पा गाळून पुढे उडी मारली, की तास न् तास वाया जातात आणि चांगले पार्ट उगाच बदलले जातात.

इथे मी मुख्यतः नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी आलेल्या कॅसेटवाल्या टीव्ही गेमबद्दल लिहितोय: समुराई, लिटल मास्टर, टर्मिनेटर २ आणि बिननावाचे त्यांचे असंख्य भाऊबंद. हे सगळे निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल. मूळ फॅमिकॉम जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये विक्रीला आला. नक्कल करणाऱ्यांनी चिप बदलल्या, डबा बदलला, पण पॉवरची मांडणी बहुधा तीच ठेवली. त्यामुळे एकावर शिकलात की दुसऱ्यावर हात चालतो. सेगा मेगा ड्राइव्ह आणि अमेरिकेतून आलेला एनईएस (फॅमिकॉमचंच परदेशी रूप) यांचं वेगळं काय, तेही ओघात येईल.

एक सीमा आधीच आखतो. ज्या कन्सोलची वायर थेट भिंतीत जाते, म्हणजे पहिला प्लेस्टेशन किंवा जाडा प्लेस्टेशन २, तो नवख्याने उघडू नये. त्यांचा पॉवर सप्लाय डब्याच्या आतच असतो आणि त्यातल्या मोठ्या कॅपॅसिटरवर २३० व्होल्टचे सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठलेले असतात. प्लग काढल्यावरही ते काही वेळ तिथेच राहू शकतात. बाहेर अडॅप्टर असलेल्या कन्सोलमध्ये मात्र आत येणारी वीज ९-१० व्होल्टच्या आसपासचीच असते. चूक झाली तर पार्ट जाईल, जीव नाही.

सामान काय लागेल

एक डिजिटल मल्टिमीटर. पिवळा डीटी-८३० छापाचा स्वस्तातलाही चालेल, फक्त त्याला बीप (दोन प्रोब आतून जोडले गेले की वाजणारी खूण) आहे का ते विकत घेतानाच बघा, कारण याच मालिकेतल्या काही मीटरना तो नसतो. लाल प्रोब व्होल्टच्या भोकातच घाला. १० अँपिअरच्या भोकात राहिला आणि तुम्ही व्होल्ट मोजायला गेलात, तर मीटर स्वतःच शॉर्ट बनतो. याशिवाय फुली डोक्याचा स्क्रू ड्रायव्हर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना टूथब्रश आणि पुढे गरज पडलीच तर सोल्डरिंग आयर्न, सोल्डर वायर आणि वितळलेलं सोल्डर ओढून घेणारा सकर. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली इथे हे सगळं एका फेरीत मिळतं. इतर गावांत टीव्ही-मिक्सर दुरुस्त करणाऱ्याला विचारा, त्याच्याकडे सुटे पार्टही मिळतील.

पॉवरच गेली आहे ना, हे आधी ठरवा

"चालू होत नाही" असं म्हणणाऱ्याला प्रत्यक्षात "टीव्हीवर चित्र येत नाही" असं म्हणायचं असतं. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

जुन्या टीव्हीला अँटेनाच्या वायरीने जोडलं असेल, तर रिकाम्या चॅनलवर मुंग्या दिसतात. कन्सोलचा स्विच सरकवल्यावर त्या मुंग्या जाऊन पडदा काळा, करडा किंवा एकाच रंगाचा झाला, तर कन्सोलला वीज मिळतेय आणि तो सिग्नल पाठवतोय. मग दोष कॅसेटमध्ये, तिच्या खाचेत किंवा चिपमध्ये. अशा वेळी पॉवरच्या मागे लागू नका. पिवळ्या-पांढऱ्या पिनांची एव्ही वायर असेल आणि टीव्ही नवा असेल, तर "नो सिग्नल" ही पाटी गेली का ते बघा. ती गेली तरी अर्थ तोच. मुंग्या जशाच्या तशा राहिल्या तर मात्र काहीच ठरत नाही, कारण टीव्ही चुकीच्या चॅनलवरही असू शकतो. खुद्द जपानी फॅमिकॉम तर जपानच्या १ किंवा २ नंबरच्या चॅनलवर आणि एनटीएससी या तिकडच्या टीव्ही पद्धतीने चित्र सोडतो. आपल्याकडच्या पुष्कळ टीव्हींना तो चॅनल सापडत नाही आणि धडधाकट यंत्र मेलेलं वाटतं.

लाल दिव्यावरही फार विसंबू नका. मूळ फॅमिकॉमला दिवाच नाही. क्लोनमध्ये, म्हणजे त्याच्या नकलांत, तो कधी रेग्युलेटरच्या आधी जोडलेला असतो, कधी नंतर. आधी जोडलेला असेल तर रेग्युलेटर मेला तरी दिवा लखलखीत दिसणार.

एनईएसचा दिवा सेकंदाला एकदा लुकलुकत असेल, तर ती पॉवरची तक्रार नव्हेच. त्यात एक लॉकआउट चिप असते, तिचं कॅसेटमधल्या जोडीदार चिपशी बोलणं तुटलं की ती यंत्राला पुन्हा पुन्हा रीसेट करते. तिथे ७२ पिनांचा कनेक्टर आणि कॅसेटची पट्टी साफ करायची. फॅमिकॉम आणि त्याच्या नकलांत ही चिप नाही, त्यामुळे त्या असं लुकलुकत नाहीत.

या टप्प्यावर दोन गोष्टी काढून ठेवा: कॅसेट आणि रिमोट, म्हणजे हातात धरून खेळायची बटणं. कॅसेटमध्ये किंवा रिमोटच्या वायरीत शॉर्ट असेल तर तो ५ व्होल्ट खाली ओढतो. रिमोट नऊ पिनांच्या प्लगचे असतील तर ते उपसून स्विच चालू करून बघा. फॅमिकॉमचे रिमोट आतूनच जोडलेले असतात, त्यांची पाळी उघडल्यावर येईल. आणि कॅसेट फुंकायची सवय सोडा. तोंडातली वाफ तांब्याच्या पट्टीवर बसते आणि तिला काळपटपणा आणते. कापसाच्या काडीवर थोडं अल्कोहोल घेऊन पुसलेलं कधीही चांगलं.

अडॅप्टर: निम्मी लढाई इथेच

आधी ज्या पॉइंटात अडॅप्टर लावताय तिथे मोबाइलचा चार्जर लावून बघा. हसू नका, पॉइंटच बंद असलेले "मेलेले" गेम दुरुस्तीला येतात.

मग अडॅप्टर हातात घेऊन वजन बघा. जड असेल तर आत ट्रान्सफॉर्मर आहे, हलका असेल तर तो एसएमपीएस, म्हणजे व्होल्ट स्वतःच स्थिर ठेवणारा नव्या पद्धतीचा अडॅप्टर. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. लाल प्रोब पिनेच्या आतल्या भोकात, काळा बाहेरच्या धातूला. प्रोब जाड असेल तर स्टेपलरची पिन सरळ करून आत सरकवा आणि तिला प्रोब टेकवा, मात्र ती बाहेरच्या धातूला लागू देऊ नका.

एसएमपीएस ९ व्होल्टचा असेल तर ९ च्या आसपास आकडा येईल. जुन्या ट्रान्सफॉर्मरवाल्या अडॅप्टरवर ९ लिहिलेलं असलं तरी मोकळ्यात १२-१४ व्होल्ट दिसतील. घाबरू नका, त्यात नियंत्रण नसतं. भार पडला की व्होल्ट उतरतात आणि छापलेला आकडा हा भारावरचा असतो. आकड्यापुढे वजाचं चिन्ह आलं तर तेही लिहून ठेवा, त्याचं काम लगेच पुढच्या भागात आहे.

शून्य आलं तर? वायर पिनेच्या अगदी मागे, जिथे ती रबरातून बाहेर पडते, तिथे हळूहळू वाकवत मीटरकडे बघा. आकडा येऊन-जाऊन करत असेल तर तार तिथेच तुटलेली आहे. वर्षानुवर्षं अडॅप्टरला वायर गुंडाळून ठेवण्याचा हा प्रसाद. तेवढा भाग कापून ५.५ बाय २.१ मिलिमीटरची नवी पिन जोडता येते, फक्त कापण्याआधी कोणती तार प्लस आणि कोणती मायनस याची खूण करा. पट्टा असलेली तार म्हणजे प्लसच, असा कोणताही नियम सगळे कारखानदार पाळत नाहीत. नवी पिन जोडल्यावर पुन्हा मोजायचं.

वायर वाकवूनही शून्यच, तर ट्रान्सफॉर्मर किंवा त्यातला फ्यूज उडालाय. चिकटवलेला अडॅप्टर फोडून आत शिरू नका. त्याच्या एका बाजूला थेट २३० व्होल्ट आहेत, आणि नवा अडॅप्टर काही महाग नाही.

मोकळ्यात व्होल्ट बरोबर दिसले म्हणजे अडॅप्टर पास झाला असं नाही. म्हातारा अडॅप्टर मीटरला १३ व्होल्ट दाखवतो आणि कन्सोल जोडला की ५ वर येतो. याची एक सोपी परीक्षा आहे: मोटारसायकलचा १२ व्होल्ट ५ वॅटचा पार्किंग बल्ब घ्या, त्याला दोन तारा जोडा आणि तो अडॅप्टरवर पेटवा. हा बल्ब ९ व्होल्टवर साधारण ३५० मिलिअँपिअर ओढतो. तो पेटलेला असताना अडॅप्टरचे व्होल्ट मोजा. ९ च्या जवळपास टिकले तर उत्तम. ७ च्या खाली घसरले तर तो अडॅप्टर बाजूला ठेवा. ५०० मिलिअँपिअरपेक्षा कमी लिहिलेल्या छोट्या अडॅप्टरला मात्र या परीक्षेत थोडी सूट द्या.

नवा घेताना व्होल्ट तेच घ्या, अँपिअर जास्त असले तरी चालतात. कन्सोल लागेल तेवढाच करंट घेतो, त्यामुळे प्लस-मायनसची दिशा जुळत असेल (ते पुढच्या भागात) तर ९ व्होल्ट १ अँपिअरचा अडॅप्टर क्लोनला खुशाल लावा. मूळ फॅमिकॉमच्या अडॅप्टरवर १० व्होल्ट ८५० मिलिअँपिअर लिहिलेलं असतं, त्यालाही हाच ९ व्होल्ट १ अँपिअरचा चालतो. ३ पासून १२ व्होल्टपर्यंत सरकणारा खटका आणि उलटसुलट बसणारी पिन असलेले बॅटरी एलिमिनेटर पूर्वी सर्रास मिळायचे. माझं मत विचाराल तर ते कन्सोलपासून लांब ठेवा. खटका चुकून १२ वर जातो, पिन उलटी बसते, आणि हे लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो.

प्लस आत की बाहेर

यंत्रं मारणारी सगळ्यात मोठी चूक ही. आपल्याकडचे सीसीटीव्ही, राउटर, सेट-टॉप बॉक्स यांच्या अडॅप्टरमध्ये जवळजवळ नेहमी पिनेच्या आत प्लस आणि बाहेर मायनस असतो. फॅमिकॉममध्ये याच्या उलट: आत मायनस, बाहेर प्लस. पिनेचं माप मात्र तेच, त्यामुळे राउटरचा अडॅप्टर त्यात अगदी मऊ बसतो आणि यंत्रात उलटी वीज जाते. क्लोनमध्ये या उलट विजेपासून वाचवणारा डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा पार्ट) अनेकदा टाकलेलाच नसतो, तेवढेच पैसे वाचवलेले.

लेबलवर एक छोटं चित्र असतं: मधे ठिपका, भोवती अर्धवट वर्तुळ, आणि दोन्हींना जोडलेली + आणि − ची चिन्हं. ठिपक्याला जोडलेलं चिन्ह आतल्या भोकाचं. तुम्ही मघाशी लाल प्रोब आत घातला होता. वजाचं चिन्ह आलं असेल तर तुमच्या अडॅप्टरच्या आत मायनस आहे.

आता कन्सोलला काय हवंय? डब्याच्या खाली छापलं असेल तर प्रश्न मिटला. नसेल, तर उघडल्यावर हे करा. अडॅप्टर काढून ठेवा आणि मीटर बीपवर लावा. एक प्रोब ७८०५ रेग्युलेटरच्या (तीन पायांचा काळा पार्ट, त्याबद्दल पुढे) धातूच्या पाठीला धरा. ती पाठ म्हणजे ग्राउंड, सगळ्या बोर्डाची सामाईक मायनस बाजू. दुसरा प्रोब सॉकेटच्या मधल्या काडीला लावा, मग बाहेरच्या पत्र्याला. मधल्या काडीवर बीप आला तर आत मायनस हवाय. बाहेरच्या पत्र्यावर आला तर आत प्लस. दोन्हींवर नाही आला, तर सॉकेटजवळ चार डायोडांचा चौकोन किंवा चार पायांचा ब्रिज शोधा. तो असेल तर यंत्राला उलटसुलट काहीही चालतं.

एनईएसमध्ये असाच ब्रिज आहे. त्याचा मूळ अडॅप्टर मुळात डीसी देतच नाही, तो ९ व्होल्ट १.३ अँपिअर एसी देतो. म्हणून एनईएसला साधा ९ व्होल्ट १ अँपिअरचा डीसी अडॅप्टर कोणत्याही दिशेने लावला तरी चालतो. पण एनईएसचा एसी अडॅप्टर फॅमिकॉमला किंवा क्लोनला लावलात तर खेळ खलास. १९९५ मध्ये शॉ वॉलेसमार्फत आपल्याकडे विक्रीला आलेल्या सेगाच्या यंत्रांत आणखी गंमत: मेगा ड्राइव्हच्या पहिल्या मॉडेलला आत मायनस लागतो आणि दुसऱ्या मॉडेलला आत प्लस. दोघांच्या पिनांचं मापही वेगळं आहे, हे त्यातल्या त्यात बरं.

परदेशातून आलेल्या यंत्रांसाठी एकच ताकीद. जपानी अडॅप्टर १०० व्होल्टचा, अमेरिकन १२० व्होल्टचा. त्यांची चपटी पिन आपल्या युनिव्हर्सल एक्स्टेन्शन बोर्डात सहज जाते आणि काही क्षणांत ट्रान्सफॉर्मर जळाल्याचा वास येतो. मामाने न्यू जर्सीहून आणलेला कन्सोल आल्या दिवशी "मेला" असेल, तर बहुतेक वेळा गेलेला असतो तो अडॅप्टर. कन्सोल ठीक असण्याची शक्यता चांगली आहे. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर शोधत बसण्यापेक्षा त्या यंत्राला हवे तेवढे व्होल्ट आणि तीच दिशा असलेला इथला अडॅप्टर घ्या.

डबा उघडल्यावर: सॉकेट आणि स्विच

अडॅप्टर पास झाला, दिशा बरोबर आहे, तरी यंत्र गप्प. मग उघडा. क्लोन आणि फॅमिकॉम साध्या फुली स्क्रूंचे असतात, एखादा स्क्रू स्टिकरखाली किंवा रबराच्या पायाखाली लपलेला असतो. वरचं झाकण झटक्यात उचलू नका. स्विचच्या छोट्या पट्टीपासून मुख्य बोर्डापर्यंत केसासारख्या बारीक तारा गेलेल्या असतात आणि त्या सोल्डरपाशीच तुटतात. उघडल्या उघडल्या मोबाइलवर दोन-चार फोटो काढून ठेवा, कोणत्या रंगाची तार कुठे होती ते नंतर आठवत नाही.

सगळ्यात आधी सॉकेटची मागची बाजू बघा. अडॅप्टर घालताना-काढताना सगळा जोर तिथल्या तीन टाक्यांवर येतो. उजेडात तिरकं धरून पाहिलंत, तर सोल्डरच्या चकचकीत थेंबात पायाभोवती एक बारीक काळी गोल रेघ दिसेल. हे ड्राय सोल्डर. वरून टाका शाबूत दिसतो, पण पाय त्यात सैल हलत असतो. अडॅप्टरची पिन एका विशिष्ट कोनात दाबून धरली की गेम चालतो, अशी तक्रार असेल तर बघायचीही गरज नाही, हेच आहे. आयर्न टेकवा, टाका वितळला की थोडं नवं सोल्डर द्या, आयर्न काढा आणि थंड होईपर्यंत हलवू नका. सॉकेटची मधली काडीच मोडली असेल तर पूर्ण सॉकेट बदलावं लागेल.

मग स्विच. यंत्र चालू ठेवून काळा प्रोब ग्राउंडला धरा आणि स्विचच्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने व्होल्ट मोजा. येणाऱ्या बाजूला ९ आणि जाणाऱ्या बाजूला शून्य, किंवा ४-५ असं काहीतरी लंगडं, म्हणजे आतल्या पट्ट्यांवर काट चढलाय. आपल्याकडच्या पावसाळ्यात, विशेषतः कोकणातल्या घरांत, हे ठरलेलं. अल्कोहोलचे दोन थेंब सोडून स्विच पंचवीस-तीस वेळा पुढेमागे करा, वाळू द्या, पुन्हा मोजा. दारांच्या बिजागऱ्यांना मारतात तो तेलकट स्प्रे इथे नको, त्याच्यावर धूळ बसून पुन्हा तोच प्रकार होतो.

७८०५ : तीन पाय, तीन आकडे

स्विचनंतर येतो काळा चौकोनी, तीन पायांचा, पाठीला धातूची पट्टी असलेला आयसी. त्यावर ७८०५ असं छापलेलं असतं, पुढेमागे कारखान्याची अक्षरं. बहुधा तो अॅल्युमिनियमच्या पत्र्याला स्क्रूने बसवलेला असतो. अक्षरं आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावा पाय इनपुट, मधला ग्राउंड, उजवा आउटपुट. काळा प्रोब मधल्या पायाला किंवा पाठीला, लाल प्रोब आधी डाव्याला, मग उजव्याला. दोन पायांमधलं अंतर कमी असतं, प्रोब घसरून दोन पाय एकत्र जोडले जाऊ देऊ नका.

डावीकडे ९ किंवा त्याहून थोडे जास्त आणि उजवीकडे ४.८ ते ५.२, तर पॉवर पूर्ण ठीक. तुमचा शोध इथे संपला, आता चिप, कॅसेटची खाच, चित्राचा भाग बघायचा. रीसेटचं बटण आत दबून अडकलेलं नाही ना, हेही तपासा. त्याने पडदा एकाच रंगाचा होऊन बसतो.

डावीकडे शून्य, तर मागे फिरा: स्विच, सॉकेट, मधली तार.

डावीकडे जेमतेम ६, उजवीकडे ४ च्या आसपास. ७८०५ ला स्वतःसाठी साधारण २ व्होल्ट जास्तीचे लागतात, म्हणजे इनपुट किमान ७ हवं. इथे अडॅप्टर दमलाय किंवा पुढे कुणीतरी जास्त करंट ओढतंय.

डावीकडे ९, उजवीकडे शून्य किंवा अर्धा-एक व्होल्ट. लगेच ७८०५ बदलायला धावू नका. त्याला करंट आणि उष्णता यांपासून स्वतःला वाचवण्याची सोय असते, पुढे शॉर्ट असेल तर तो हात आखडता घेतो. अडॅप्टर काढा, मिनिटभर थांबा आणि बीपवर उजवा पाय व ग्राउंड तपासा. क्षणभर बीप येऊन थांबला तर तो कॅपॅसिटर भरत होता, काळजी नाही. बीप सतत वाजत राहिला तर शॉर्ट आहे. आता एकेक गोष्ट सुटी करा: रिमोटच्या तारांचा प्लग, मग आउटपुटजवळचा कॅपॅसिटर. काय काढल्यावर बीप थांबतो, तो गुन्हेगार. काहीच केल्या थांबला नाही तर मुख्य चिप गेली. शॉर्ट मुळीच नसेल, तर मात्र ७८०५ च मेला.

आणि दोन्हीकडे ९. हा आकडा दिसताक्षणी अडॅप्टर ओढा. रेग्युलेटर आरपार झालाय आणि ५ व्होल्टच्या चिपवर ९ व्होल्ट पडतायत. रेग्युलेटर बदलल्यावर यंत्र जगेल याची खात्री नाही, पण दहा-वीस रुपयांच्या पार्टने बघायला हरकत नाही.

बदलताना तिन्ही पाय एकदम उपसायचा हट्ट करू नका, स्वस्त बोर्डावरचे ट्रॅक त्याबरोबर उचलले जातात. आधी कटरने पाय कापून आयसी मोकळा करा, मग उरलेले तुकडे एकेक करून आयर्नने काढा आणि भोकं सकरने साफ करा. नवा बसवताना पाठीला थोडी थर्मल पेस्ट लावा आणि पत्र्याचा स्क्रू घट्ट करा. पाठ ग्राउंडच असल्याने मधे वीज अडवणारा अभ्रकाचा तुकडा लागत नाही.

चालू होतो, पण मधेच गोठतो किंवा पट्टे येतात

दहा-पंधरा मिनिटं मजेत चालतो आणि मग चित्र गोठतं, थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा चालतो. अशी तक्रार उष्णतेची. हिशेब करून बघा. यंत्र ३०० मिलिअँपिअर घेतंय असं धरा. ९ चे ५ करताना वरचे ४ व्होल्ट रेग्युलेटरमध्ये जिरतात: ४ गुणिले ०.३, म्हणजे १.२ वॅट. कुणी १२ व्होल्टचा अडॅप्टर लावला तर ७ गुणिले ०.३, म्हणजे २.१ वॅट. गेम तोच, करंट तोच, पण उष्णता जवळपास दुप्पट. पत्र्याचा स्क्रू ढिला असेल किंवा पत्राच नसेल तर ७८०५ तापून स्वतःला बंद करतो. स्क्रू आवळा, पेस्ट लावा, अडॅप्टर ९ चा आणा. रेग्युलेटर काढून त्या जागी मोबाइल चार्जरचे ५ व्होल्ट थेट देण्याचा जुगाड बरेच जण करतात. चालतो, पण त्या सॉकेटात पुढे कधी कुणी ९ व्होल्ट घातले की चिप थेट गेली, म्हणून नवख्याला मी तो सुचवणार नाही.

पडद्यावर आडवे, जाड, अंधुक पट्टे संथपणे वरखाली सरकत असतील आणि आवाजात घुरघुर असेल, तर फिल्टर कॅपॅसिटर, म्हणजे डीसीवरची लाट सपाट करणारा पार्ट, सुकलाय. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. एसीचा डीसी करणारे अडॅप्टरमधले चारही डायोड काम करत असले की डीसीवर १०० हर्ट्झची लाट उरते. आपल्याकडच्या पाल पद्धतीचा टीव्ही सेकंदाला ५० वेळा पडदा रंगवतो, त्यामुळे दोन पट्टे दिसतात. एकच पट्टा दिसला तर समजा की एखादा डायोडही उडालाय आणि अर्धीच लाट येतेय. हे फक्त ट्रान्सफॉर्मरवाल्या अडॅप्टरचं गणित. दुसरा, चांगला एसएमपीएस अडॅप्टर लावून पट्टे गेले, तर दोष जुन्या अडॅप्टरमध्ये होता आणि यंत्र उघडायची गरजच नाही.

यंत्रातला कॅपॅसिटर बदलायचाच झाला तर मायक्रोफॅरड तेवढेच घ्या, व्होल्ट तेवढे किंवा जास्त. तिथे १००० मायक्रोफॅरड १६ व्होल्टचा असेल, तर मी २५ व्होल्टचा बसवतो, कारण जुना अडॅप्टर मोकळ्यात १४ पर्यंत जातो. एनईएसमध्ये हा कॅपॅसिटर २२०० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा आहे. अंगावर पट्टा असलेला पाय मायनसचा. उलटा बसवलात तर तो फुगून फुटतो, म्हणून पहिल्यांदा चालू करताना तोंड वर नेऊन बघू नका.

सोल्डरिंग झाल्यावर लगेच कॅसेट घालू नका. आधी बोर्ड उघडाच ठेवून, कॅसेट-रिमोट न जोडता चालू करा आणि ७८०५ च्या उजव्या पायावर ५ व्होल्ट आहेत ना ते बघा. दहा मिनिटांनी पुन्हा मोजा. पत्रा गरम लागेल, पण बोट टेकवून ठेवता यायला हवं. मग रिमोट, सर्वांत शेवटी कॅसेट, आणि प्रत्येक वेळी जोडण्याआधी स्विच बंद.

५ व्होल्ट अगदी नीट येतायत, शॉर्ट नाही, खाच साफ आहे, रीसेट मोकळा आहे, चित्राची वायरही बदलून पाहिली, तरी पडदा कोरा. क्लोनमध्ये बोर्डाच्या मधोमध एक काळा, गुळगुळीत डांबरासारखा गोळा असतो. त्याच्याखाली सगळं यंत्र एका चिपमध्ये आहे. तो गेला की दुरुस्ती नाही, तो सुटा मिळत नाही. मग त्याच प्रकारचा दुसरा बंद पडलेला गेम जुन्या बाजारात बघा. त्यात पॉवरचा बिघाड असेल तर दोघांचा मिळून एक होतो. तोवर अडॅप्टर आणि नऊ पिनांचे रिमोट ठेवून द्या, आणि ६० पिनांच्या कॅसेट तर मुळीच टाकू नका, त्या फॅमिकॉमच्या जवळपास कोणत्याही नकलेत चालतात.